वाळूच्या प्रोजेक्टचे प्रमुख पाहुणे

हसू नका, पण पर्यावरण धोरणाच्या पेपरला मी नदीतल्या चोरट्या वाळू उपशावर प्रोजेक्ट केला होता. सादरीकरणात पडद्यावर टिप्परचा फोटो लावला आणि समोर पाहिलं. टिप्परच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ज्यांचं नाव होतं, तेच पहिल्या रांगेत शाल पांघरून बसले होते. आमचे प्रमुख पाहुणे.

त्यांनी शांतपणे विचारलं, "कुण्या गावची गं तू?"

"तेलगावची."

"कुणाची?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"हां, म्हंजी आपल्या अण्णाची पोरगी. परवा तुमच्या स्लॅबला याच गाडीनं वाळू टाकली की. लई चांगली हाय, इचार बापाला."

पुढची स्लाईड होती, 'जबाबदार कोण?' मी थेट 'धन्यवाद' लावलं.