चाळीस ओल्या बाटल्या

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय ऋताताई, प्रमुख पाहुणे इंद्रजीत भैया, मंचावर खुर्चीच्या टोकाशी संकोचून बसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती शेवंताबाई रामटेके, आणि मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो, शेखर पाठराबेचा सर्वांना नमस्कार. बाई, नीट टेकून बसा. आज खुर्ची तुमचीच आहे.

मंडळाचा सचिव म्हणून ब्राह्मणपाऱ्यातल्या या सभागृहात मी पुष्कळ निरोप दिले. मी माईक धरला की चहावाला गॅस बारीक करतो, हे मला ठाऊक आहे. आज त्याला सांगा, भांडं चढवून ठेव बाबा.

आपल्या बालवाडीत बाई बावीस वर्षं मदतनीस होत्या. पण त्यांची खरी ओळख म्हणजे मागची खोली. सात वर्षांपूर्वी वर्ग अपुरा पडायला लागला आणि विटा घ्यायची तर आपली ऐपत नव्हती. तेव्हा बाई म्हणाल्या, "लग्नाच्या हॉलमागं प्लास्टिकच्या बाटल्यांचे ढीग पडून राहिले. माती भरून त्याचीच भिंत बांधू ना!" बहिणीच्या गावी त्यांनी तशी खोली पाहिली होती. मी सिलतऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, मी हसलो. कोण नाही हसलं? ऋताताई, तुम्हीही हसला होता.

बाईंचा नियम एकच. चाळलेली कोरडी माती थोडी थोडी टाकायची, काठीनं ठासायची, झाकण घट्ट लावायचं. मग बाई अंगठ्यानं दाबून पाहणार. दबली की परत. माझ्या पहिल्या अकरा बाटल्या परत आल्या. "भाऊ, तुमच्या बाटलीत हवाच जास्त हाय!" पोट्टे खदखदून हसले. मला राग आला, खोटं कशाला सांगू?

उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या आणि चाळीस बाटल्या कमी पडल्या. बाई त्या दिवशी भाचीच्या लग्नाला दुर्गला गेलेल्या. एक बाटली ठासायला अर्धा तास. मी तलावाकाठचा ओला गारा आणला आणि भराभर भरत सुटलो. दोन मिनिटांत एक! दाबून पाहिल्या, दगडासारख्या लागल्या. नत्थू मिस्त्रीनं त्याच्या बोलीत विचारलं, "बाई ह देख डरे हे का?" म्हणजे, बाईंनी तपासल्या का?

मी मान डोलावून म्हणालो, "हव."

ओली माती सुकली की आक्रसते आणि बाटली आतून पोकळ होते, हे मला कळायला नको होतं? दोन वर्षांत खिडकीखाली, त्या चाळीस बसवल्या होत्या तिथेच, भिंत खचली, प्लास्टरला तडा गेला. बैठकीत सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाई एवढंच बोलल्या, "माह्या अंगठ्याखालून एखादी सुटली असन." तेव्हापासून त्या पोरांना त्या भिंतीपासून हातभर दूर बसवतात. पाच वर्षं झाली. त्यांच्याकडे बघून बोलायची मला लाज वाटते.

आज चहानंतर कार्यकारिणीची बैठक आहे. पहिला विषय, ती खोली पाडणे. कारण काय, तर सदोष बांधकाम. ठराव मीच लिहिला, हा बघा, खिशात आहे. अध्यक्षताई, तो मी मागे घेतो. तीन हजार सहाशे बाटल्यांत चाळीस माझ्या. बाकीच्या सगळ्या बाईंच्या अंगठ्याखालून गेल्या आणि त्या भिंतींना केसाएवढी रेघ नाही. इंद्रजीत भैया, तुम्ही स्वतः जाऊन बघा. खिडकीखालचा तेवढाच भाग उकलायचा आहे. नत्थू यायला तयार आहे. सकाळी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही.

काय म्हणता बाई? अरे, त्यांना माईक द्या. नको? बरं, मीच सांगतो. त्या म्हणतात, "माती कोरडी आणजा, भाऊ."

आणतो. सोमवारपासून चाळीसच्या चाळीस मी भरणार. बाई, नोकरी आज संपली, तरी दाबून पाहायला तुम्हीच यायचं. तुमच्याशिवाय एकही बाटली भिंतीत जाणार नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतकं शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. चहा झाला असेल. शेवटी, बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या, असं म्हणायची आपली रीत आहे. मी ते दर वेळी म्हणत आलो, पण काय चुकलं ते कधी सांगितलं नाही. आज सांगितलं. बाई, मला माफ करा.