पाटी तुमची, बिऱ्हाड कुणाचं?

"माझ्या वहिनीचं दुखणं तुमच्या दवाखान्याच्या वेबसाइटने बाहेर फोडलं!"

रांगेतल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले.

"हळू बोला, बाई. साइट आमचीच आहे," काउंटरवरची म्हणाली.

"पाटी तुमची, आत बिऱ्हाड जाहिरातवाल्यांचं! माझ्या ब्राउझरमधल्या जाहिराती अडवणाऱ्या ब्लॉकरने साइटच्या नावावर न जाता पत्ता खरा पोचतो कुठे ते तपासलं, तेव्हा ते सापडले."

"अडवलं ना मग?"

"माझ्या फोनवर. वहिनीकडे ब्लॉकर नाही. तिने तुमच्या साइटवर गाठीच्या तपासणीची वेळ घेतली आणि त्याच वायफायवरच्या घरच्या टीव्हीवर कर्करोगाच्या उपचारांच्या जाहिराती लागल्या. आई विचारतेय, कुणाला झालाय?"

"वन्सं, चला ना. सगळे ऐकताहेत," मागे उभी वहिनी म्हणाली.

"थांब गं. तुमच्या साइटच्या नावाचा पत्ता त्या जाहिरातवाल्यांना दिला कुणी?"

"तो दिला की कुठलाच ब्लॉकर अडवत नाही, म्हणाले ते जाहिरातवाले. मोठ्या डॉक्टरांनी सही केली."

"मग बोलवा त्यांना! आईला मी काय सांगायचं, ते त्यांनीच सांगावं!"