पायवाट पडू नये म्हणून

मंडळी, पुढे सरका! कीर्तनात पुढे नेहमी जागा असते, पंगतीत तेवढी कधी सापडत नाही. गणूभाऊ, झांजा जरा खाली ठेवा. आज आधी एक प्रश्न आहे, आणि उत्तराची घाई करू नका.

माणसाला जे जे कळलं, ते ते त्यानं सांगावं का?

बघा, हलल्या माना! 'सांगावं बुवा, सांगावं! ज्ञान दिल्यानं वाढतं!' शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं ते, मलाही पाठ आहे. त्याच्या भरवशावर चाळीस वर्षं माझं पोट चाललंय! पण एकानं ते वाक्य अगदी मनापासून खरं मानलं. त्याचं काय झालं, ते ऐका.

श्रीरंग दाबके त्याचं नाव. वय असेल तिशीच्या अलीकडे-पलीकडे. तो एका संस्थेत शिकायला गेला – पर्माकल्चर! काकू, तोंडातली सुपारी काढल्याशिवाय हा शब्द म्हणू नका, ठसका लागेल. अर्थ सोपा आहे. जमिनीवर आपली अक्कल लादायची नाही. पाणी कुठून येतं, वारा कुठून, सावली कुठे, हे आधी बघायचं, आणि मग रानासारखी टिकणारी शेती आखायची. आज्यानं बिनबोभाट केलं, त्याची नातवाला दोन वर्षांची पदवी! हसा, पण जपून हसा. शिक्षण चांगलं होतं. पोरगाही चांगला होता. म्हणून तर कथा वाईट आहे.

श्रीरंगला नाद मोजायचा. अभ्यासासाठी त्यानं एक डोंगर धरला. उतार मोजला, ओल मोजली, झाडं मोजली. वह्या इतक्या भरल्या की एसटीच्या कंडक्टरनं वह्यांचं वेगळं तिकीट फाडलं! मुंग्या त्याला बघून रांग सरळ करायच्या – आला, आता हा मोजणार!

डोंगराच्या पायथ्याला कातकरीवाडी. तिथली बुधी हिलम. सत्तरीची बाई, पायात चप्पल नाही, हातात लोखंडी टोकाची काठी. दिवाळी सरली की निम्मी वाडी विटांच्या भट्टीवर जायची – पोरं, भांडी, कोंबड्या, सगळं घेऊन. बुधीची लेक-जावई, नातवंडं मात्र कधी गेली नाहीत. का? डोंगरात बुधीचे चाईचे कंद होते – घरात खायला पुरायचे, बाजारात विकायला उरायचे. तिच्या आईनं दाखवलेले, आईला तिच्या आईनं. पावसात वेल चढतो, कार्तिकात वाळून तुटतो, मग वर खूण म्हणून काही उरत नाही. जागा कुठे असते? म्हातारीच्या डोक्यात!

श्रीरंग दोन वर्षं तिच्या मागं हिंडला. तिची टोपली वाहिली, तिच्या चुलीवरचा काळा चहा प्याला. तो तिला मावशी म्हणे. ती त्याला म्हणे मास्तर! शिकवणार ही, आणि मास्तर तो!

कंद काढला की बुधी त्याचं डोकं मोडून घ्यायची. डोकं म्हणजे वेल फुटतो तो वरचा तुकडा. तो परत खड्ड्यात ठेवायची, माती लोटायची, वरून थोपटायची – बाळाला थोपटावं तशी.

"मास्तर, ध्यानात ठेव. पोट आपलं, डोकं डोंगराचं."

श्रीरंगनं लिहून घेतलं.

आणि एक गंमत. बुधी एका वाटेनं दोनदा जायची नाही! आज ओढ्यातून, उद्या करवंदीच्या जाळीतून, परवा कातळावरून सरपटत. श्रीरंगच्या ढोपरांची साल निघाली.

"मावशी, सरळ वाट आहे की!"

"सरळ वाट गुरांना. तू चल."

श्रीरंगनं विचार केला. शिकलेला ना! संध्याकाळी वहीत काय लिहिलं? 'स्थानिक लोक वाटा बदलतात. कारण – माती दबू नये, तिच्यात हवा खेळती राहावी.' खाली दुहेरी रेघ!

विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. विचारलं नाही. कारण उत्तर पुस्तकात होतं!

भाद्रपदात प्रबंध झाला. आत डोंगराचा नकाशा. नकाशावर एकेचाळीस हिरवे ठिपके – बुधीच्या कंदांच्या जागा, हातभर इकडे नाही की तिकडे नाही. संस्थेच्या खांबेटे बाई म्हणाल्या, "श्रीरंग, हे लोकांपर्यंत पोचायला हवं." आणि पोचलं की हो! प्रबंध संकेतस्थळावर चढला, या फोनवरून त्या फोनवर गेला. श्रीरंगला काय आनंद! ज्ञान वाढत होतं!

पदवीला आता एकच पान बाकी होतं. विषय – 'या दोन वर्षांत मी स्वतः काय शिकलो?' श्रीरंगनं ते फार गोड लिहिलं. निसर्ग माझा गुरू, वगैरे. म्हटलं, देण्याआधी मावशीला वाचून दाखवू. मार्गशीर्षात प्रबंध कापडात गुंडाळून वाडीवर गेला.

बुधी एकटीच अंगणात बसली होती.

"मावशी, घरातली कुठं गेली?"

"भट्टीवर."

"भट्टीवर? तुमची?"

"मग खातील काय, मास्तर?"

काठी टेकत ती उठली. त्या दिवशी ती सरळ वाटेनं निघाली. हो, सरळ वाटेनं! आता तिथं चांगली रुंद वाट पडली होती. टेंपोच्या चाकोऱ्या होत्या. वर पहिला खड्डा. पुढं दुसरा. कडेची माती तशीच उपसून टाकलेली. कंद डोक्यासकट नेलेले. एकाही खड्ड्यावर कुणी मूठभर माती लोटली नव्हती.

मोजायची सवय जात नाही, मंडळी. श्रीरंगनं मोजले. एकेचाळीस!

नकाशा बिनचूक होता. शंभरपैकी शंभर.

बुधी शेवटच्या खड्ड्याशी बसली. "मानसं आलती. हातात फोन. फोनात बघायची नि खणायची. म्या म्हटलं, तुमाला कुनी दावलं? तर म्हणं, मास्तरांनी लिवलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "एक सांग. दोन वरसं तुला काट्याकुट्यातून नेलं. कशापायी वाटलं तुला?"

श्रीरंगनं वहीतलंच उत्तर दिलं. "माती दबू नये म्हणून."

म्हातारी हसली. असलं हसू कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"माती कशाला दबते, लेकरा? पायवाट पडू नये म्हणून! वाट पडली की मागनं कुनीबी येतं."

ती त्याला कधी म्हणाली नव्हती, कुणाला सांगू नको म्हणून. का म्हणेल? टोपली वाहणाऱ्या घरच्या माणसाला असं कुणी बजावतं का?

श्रीरंगनं खांबेटे बाईंना फोन केला. त्या रडल्या. नकाशा त्याच तासाला उतरवला. पण सांडलेलं पाणी ओंजळीत येतं का? गोड पान श्रीरंगनं फाडलं आणि नव्या पानावर एकच ओळ लिहिली – 'मावशी वाटा का बदलत होती, ते मला खड्डे मोजल्यावर कळलं.'

पहिल्या वर्गात पास झाला! टाळ्या पडल्या. त्या टाळ्या त्याला अजून झोपू देत नाहीत.

मग तो काय करू लागला? रोज एक खड्डा, उपसलेली माती बोटांनी चाळायची. एकेचाळीस खड्ड्यांतून जिवंत डोकी किती निघाली? सात. ओल्या फडक्यात बांधून त्यानं ती बुधीच्या पुढ्यात ठेवली. तिनं एकेक हातात घेऊन हुंगलं.

"किती दिवस लागतील, मावशी?"

"चार वरसं. तुझ्या शाळंच्या दुप्पट. म्या काय बघत न्हाई."

तरी ती उठली. त्याला घेऊन नव्या जागी गेली, काट्यातून, सरपटत. सात खड्डे, सात डोकी, वर माती. थोपटलं तेव्हा तिनं त्याचा हात आपल्या हाताखाली घेतला. त्या दिवशी श्रीरंगकडे वही नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात बुधी गेली. सातांपैकी तीन वेल फुटले. करंगळीएवढे जाड आहेत, खणण्याजोगे नाहीत. लेक-जावई अजून भट्टीवरच जातात. श्रीरंग आषाढात एकदा जाऊन बघून येतो, दर वेळी वेगळ्या वाटेनं. ढोपरं सोललेली घेऊन येतो.

संपली कथा. आता खरं बोला. ऐकता ऐकता किती जणांच्या मनात आलं – बुवा, हा डोंगर कुठला हो? आलं ना? अहो, मागे एका गावात चहाचा कप हातात देऊन, अगदी प्रेमानं विचारलं मला. 'आम्ही फक्त बघून येऊ!' श्रीरंगही बघायलाच गेला होता, बाबांनो.

तेव्हा ऐकून ठेवा. वाडी पायथ्याला म्हणालो ना? शोधा पायथ्याला! कंद चाईचा म्हणालो? नसेलही चाईचा. जन्मभर थापा मारून पोट भरलं, पण या एका कथेत थाप मारतो ती पुण्य म्हणून मारतो. दर गावात डोंगर बदलतो. कथा सांगतानाही वाट पडते!

पण मी माझं झाकलं. तुमचं काय? कुणीतरी तुम्हाला घरचं समजून काही दाखवलं असेल. आईनं, शेजारणीनं, मरत्या मित्रानं. सांगू नको असं म्हणालंही नसेल. ते अजून त्यांच्या मातीत आहे, की कुठल्या पारावर, कुठल्या फोनात पोचलंय? मला सांगू नका! घरी जा, आपापले खड्डे मोजा. आणि एखादं डोकं जिवंत सापडलं, तर आधी माती लोटा.

गणूभाऊ, घ्या झांजा. हळू वाजवा.