फोटोवरचा शब्द

— नाही नाही, कागद राहू दे इथंच, वाचली मी तुझी बातमी, दोनदा वाचली. बस. पाच वाजतायत, तुमचं पान आठला छपाईला सुटतं, वेळ आहे. खिडकी लावून घे तेवढी, या द्वारका चौकातल्या हॉर्नांत माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही. चांगली लिहिलीयस, संध्या. तोंडावर स्तुती करायची मला सवय नाही, तीस वर्षं डेस्कवर पोरांना फक्त शिव्या दिल्या, पण चांगली आहे. पेठच्या वाडीतली बाई, मीनाबाई, शेजारचं पोर तापानं गेलं आणि भगतानं सुपात तांदूळ टाकून सांगितलं की हीच भुताळी. तू स्वतः गेलीस, तिच्या ओट्यावर बसलीस, फोटो काढलास. आमच्या वेळी कोण जात होतं? पाकीट यायचं एसटीच्या ड्रायव्हरकडून, वार्ताहराच्या अक्षरात, आणि आम्ही इथं पंख्याखाली बसून त्याची बातमी करायचो.

काल नातीनं मला एक जपानी कार्टून दाखवलं — कार्टून नाही हं, अ‍ॅनिमे म्हणायचं, आजोबा, तुम्हाला काहीच कळत नाही! — सगळे मांत्रिक त्यात. कोवळी कोवळी पोरं, हातवारे करतात, शाप मारतात. मी आयुष्यभर भगत-मांत्रिकांच्या मागे हात धुऊन लागलो आणि माझ्याच घरात मांत्रिक हीरो! चिडलो मी. पण बसलो. सातवा भाग. एका गावात एक शाप फिरतोय, आंधळा. डोळेच नाहीत त्याला. दारादारावर हात फिरवतो, माणूस काही सापडत नाही. मग येतो एक भला मांत्रिक — भला, बरं का, खरोखर भला — आणि एका मुलीला वाचवायचं म्हणून तिचं नाव चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी तिच्या दारावर चिकटवतो. रक्षण म्हणून. आणि तो आंधळा येतो, चिठ्ठीवरून बोट फिरवतो, एकेक अक्षर चाचपतो... मी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. नात रडायला लागली, शेवट बघायचाय म्हणे. मी ओरडलो तिच्यावर. शेवट काय बघायचाय त्यात? शेवट मला माहीत आहे.

हे का सांगतोय तुला? सांगतो. नाव काढून टाक त्या बाईचं. फोटो काढून टाक, वाडीचं नावही. नुसतं 'पेठ तालुक्यात' लिही. — हो, माहीत आहे, नाव नाही तर बातमी नाही, हे वाक्य तुमच्या ऑफिसात कोणी आणलं? मी आणलं! भिंतीवर लावायचं बाकी ठेवलं होतं. आणि त्या भगताचं नाव ठेव, ठळक छाप, त्याची अब्रू जाऊ दे. तिची काय चूक?

कुसाबाई तुला माहीत आहे. माझी बातमी तुम्हा लोकांना कॉलेजात वाचायला देतात म्हणे. विधवा, नागलीचं एवढंसं रान, एकटी. पुंजा भगतानं तिचं नाव घेतलं होतं, पण वाडी अजून अर्धी इकडे, अर्धी तिकडे. सरपंच तर पुंजाला हसायचा. दत्तू आमचा पेठचा वार्ताहर, त्यानं फोटो पाठवला, म्हणाला, साहेब, बाई घाबरलीय, नाव नको टाकूया. मी म्हटलं, घाबरलीय म्हणूनच टाकायचं, उजेड पडला की अंधार पळतो! असली वाक्यं बोलायचो मी. मोठा फोटो, फोटोवर तीन कॉलम मथळा — 'भुताळी ठरवून विधवेचा छळ'. खाली चारशे शब्द, सगळे तिच्या बाजूचे. कोणी वाचले ते चारशे शब्द? वाडीत एक पेपर गेला, पहिल्या एसटीनं. पुंजाला वाचता येत नव्हतं, त्यानं एका शाळकरी पोरीकडून फोटोवरचा पहिला मोठा शब्द तेवढा वाचून घेतला. मग पेपर घेऊन घरोघर फिरला — हे बघा, मी सांगत व्हतो तर हसत व्हते, आता नाशिकवाल्यांनी बी छापलाय, फोटोसकट. सरपंच हसायचा थांबला. तिसऱ्या दिवशी विहिरीत सापडली ती. पाय घसरला, असा पंचनामा.

काय? बाई गेली, मग त्या बातमीला पुरस्कार कसा मिळाला? — मिळाला. महिन्यानं. तो बघ, कपाटावर. नको, बघू नकोस. ती गेल्याचा दत्तूचा फोन मला तिसऱ्याच दिवशी आला होता, हे कोणाला माहीत नाही, माझ्या बायकोलाही मी सांगितलं नव्हतं. मी स्टेजवर गेलो, शाल घेतली, आणि म्हणालो — ऐक, शब्दन् शब्द पाठ आहे — म्हणालो, या लेखणीमुळे कुसाबाईला न्याय मिळाला. टाळ्या पडल्या. दत्तू शेवटच्या रांगेत बसला होता. त्यानं परत बातमी पाठवली नाही. कधीच.

असो. झालं ते झालं. लाव फोन डेस्कला, सांग, नाव-फोटो काढून टाका. माझं नाव सांग हवं तर. — लाव ना. अशी काय बघतेस? — मोठ्यानं बोल. — कुठं टाकलीय? वेबसाइटवर? छापायच्या आधी? — कधी? अकरा... सकाळी अकरा. फोटोसकट. 

त्या वाडीला रेंज आहे का, संध्या? 

आहे.

ऊठ. बातमी उतरवायला सांग, पण ते रिक्षात बसून सांग. पोलीस ठाण्याला फोन कर, तुझ्या त्या ओळखीच्या बाई आहेत ना पेठला, अंगणवाडीच्या, त्यांना कर, म्हणावं, आत्ता जाऊन मीनाबाईच्या ओट्यावर बसा, चार बायका घेऊन बसा, मी पोचेपर्यंत हलू नका. पेठची गाडी मिळेल, नाहीतर जीप कर. मी येऊ? माझे गुडघे गं, तो घाट, आणि नात क्लासवरून येईल, घरी कोणी... दत्तूलाही मी असंच म्हणालो होतो, तू जाऊन ये, मला इथं पान लावायचंय. 

बघत काय उभी राहिलीस? जा. दार ओढून घे.