शेवटच्या पानावरचा नंबर

शहागंजच्या झेरॉक्सच्या दुकानात रूपा रांगेत ताटकळली होती. पुढच्या दोघांचं बोलणं नको म्हटलं तरी कानावर येत होतं.

“केसरकाकू, सरांचं लिनक्सचं पुस्तक लई जुनं झालं. त्यातल्या कमांड आता कॉम्प्युटरवर चालत नायत. दुरुस्त करून नवं छापतोय.”

“सर होते तवाच करायचं, इलियास. किती मागं लागले होते तुझ्या.”

“व्हय काकू. आज-उद्या करता करता राहूनच गेलं.”

“अन् शेवटच्या पानावरचा त्यांचा नंबर?”

“काढला. तुम्हाला उगं तरास नको.”

“कमांड चालली नाय की पोरांचे अजून फोन येतात. ‘सर हायेत का?’ म्हणतात.”

“मग?”

“बाहेर गेलेत, म्हणते मी.”

“काकू...”

“नंबर राहू दे, बाबा. अन् एखादी चूक बी.”