बाप्पाचा हीटर

हसाल तर चहा देणार नाय, आधीच सांगते. पेणच्या आमच्या घराला गॅरेज हाय, पण गाडी नाय. तिथं माझा गणपतीचा कारखाना. पावसात शाडूची मूर्ती सुकता सुकत नाय, म्हणून यंदा हीटर लावायचं ठरवलं.

माझा भाऊ डोलवीला पोलादाच्या कंपनीत हाय. तो म्हणाला, "गो ताई, मी आणतो की!" त्यानं असला हीटर आणला, की तासाभरात एका मूर्तीच्या सोंडेला तडा.

"अरे, लोखंड वितळवायचं नाय, देव सुकवायचाय!"

मग नवऱ्यानं कोळशाची शेगडी पेटवली. मूर्ती राहिली ओली आणि आम्ही खोकून बेजार. शेवटी पंख्याचा छोटा हीटर घेतला. मंद, गरम वारा, मातीला हवा अगदी तसा.

त्याच दिवशी रोह्याचे मोरेकाका स्कूटरवरून चिंब भिजून आले. आल्या आल्या गरजले, "माझी मूर्ती अजून ओली? रंग कधी लावणार?" आणि गरजत गरजतच हीटरसमोर बसले. मी चहा दिला. काकांनी शर्ट पिळून रंगाच्या डब्यांवर वाळत घातला, पाय पसरले, डोळे मिटले. दुसरा चहा झाला, तिसरा झाला. पाठीमागे त्यांचा गणपती ओलाच.

अखेर एक डोळा उघडून काका म्हणाले, "मग पोरी, नक्की कधी सुकणार माझा बाप्पा?"

"काका, तुम्ही उठलात की!"