मखमलच्या कानामागची गाठ

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय विठ्ठलराव, आपल्या जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर शिवशंकर साहेब, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती कडूबाई, आणि धारेची वेळ पुढं ढकलून आलेल्या तलवाड्यातल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

गाई-म्हशीवाल्यांच्या सभेत कापडाच्या दुकानदाराचं काय काम, असं तुम्हाला वाटलं असेल. दवाखान्यात एकतीस वर्षं परिचर म्हणून कडूबाईंनी किती अडलेल्या गाई सोडवल्या, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी एका कुत्र्याच्या पिल्लाचं सांगणार आहे. विठ्ठलराव, हसा, पण ऐका.

तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी रुचिका नववीला होती. तिच्या मामानं संभाजीनगरहून लांब केसांचं पांढरं पिल्लू आणलं. कापडवाल्याचं घर, म्हणून तिनं नाव ठेवलं मखमल. दिवाळीला ती पंधरा दिवस आजोळी गेली. जाताना बजावून गेली, "बाबा, रोज केस विंचरा. अगदी मुळापर्यंत."

मी विंचरले. पण कसे? गल्ल्यावर बसल्या बसल्या, माझ्याच खिशातल्या कंगव्यानं, वरच्यावर. वरून पिल्लू झकास दिसायचं. शेतात माझ्यामागं यायचं, कुसळं घेऊन परतायचं. ती येणार त्या दिवशी सकाळी हात फिरवला, तर कानामागं, काखेत, पोटाखाली घोंगडीसारखे घट्ट गोळे. मला वाटलं, अंघोळीनं सुटतील. पाणी लागलं आणि गाठी आणखी आवळल्या. बस यायला तास उरला होता. मी दुकानातली कापडाची कातर घेतली आणि कानामागची गाठ कापली.

पिल्लू किंचाळलं. गाठीबरोबर कातडी कापली गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी दोन टाके घातले. पिल्लू कडूबाईंनी धरलं होतं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून रुचिका स्टँडवरून धावत आली. "बाबा, कशानं लागलं?"

मी म्हणालो, "मागच्या अंगणातल्या पत्र्यानं."

कडूबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पिल्लू रुचिकाच्या हातात दिलं. रुचिका पिल्लू घेऊन पुढं निघाली, तेव्हा फाटकाशी थांबवून म्हणाल्या, "केदारशेट, पत्र्याचा काप वाकडातिकडा ऱ्हातो. ह्यो सरळ हाय. कातर ना?"

मी मान डोलावली.

"गाठ कातडीला वर वढती. आपल्याला वाटतं केस, अन् कापलं जातं चामडं. लहानपणी मेंढरं कातरताना मीबी एकाचं कापलतं. पर लेकीपाशी कावून खोटं बोललात?"

"ती बोलायची बंद होईल, कडूमावशी."

"होऊ द्या. पर सांगा."

मी ते मनावर घेतलं नाही. संध्याकाळी दुकान बंद करून मागच्या अंगणात गेलो. रुचिका उकिडवी बसून पत्र्याच्या कडेला गोणपाट बांधत होती. सुतळी ओढून तिची बोटं लाल झाली होती. म्हणाली, "आता नाही लागणार त्याला." मंडळी, त्यापुढं कुणा बापाला गप्प राहता आलं असतं?

मी सगळं सांगितलं. तिनं सुतळी खाली ठेवली, पिल्लू उचललं आणि आत गेली. दोन दिवस एक शब्द नाही. मखमल तर माझी चाहूल लागली की पलंगाखाली.

तिसऱ्या दिवशी जखम बघायला कडूबाई घरी जाता जाता आल्या. आम्हा दोघांना जमिनीवर समोरासमोर बसवलं. म्हणाल्या, "आज कंगवा न्हाई. नुसता हात फिरवा. भ्यालंय ते." आठ दिवस रोज यायच्या, आणि रोज नुसता हातच. नवव्या दिवशी त्यांनी काखेतल्या गाठीवर थोडं मक्याचं पीठ भुरभुरलं, बोटांनी ती मधोमध उकलली आणि रुंद दातांचा कंगवा माझ्या हातात दिला. "पोरी, तू मुळाशी घट्ट धर, म्हंजी कातडी वढायची न्हाई. शेट, तुमी टोकाकडून चालू करा. लई हळू. अन् गाठ सुटल्याबिगर अंघोळ न्हाई."

मी टोकाला कंगवा लावला. तेव्हा रुचिका बोलली, "बाबा, घाई करू नका. मी धरलंय."

ती गाठ सुटायला पाऊण तास लागला. शेवटचा केस मोकळा झाला, तेव्हा पिल्लू माझ्या मांडीवर झोपलेलं होतं.

पुढं कितीजणींनी कडूबाईंना विचारलं, शेटच्या कुत्र्याच्या कानामागं टाके कशाचे? त्या म्हणायच्या, "लागलं कायतरी." गावात त्यांच्या तोंडून ही गोष्ट कधी बाहेर आली नाही. आज ती मीच सगळ्यांसमोर सांगितली. रुचिका मागं बसली आहे, तिला विचारूनच.

कडूमावशी, निवृत्तीनंतरचे दिवस तुम्हाला सुखाचे जावोत. संयोजकांनी मला उभं केलं, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलं, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. वागण्यातलं सांभाळून घ्या म्हणत नाही; ते कडूमावशींनी तीन वर्षं सांभाळलं.